अस्वलाच्या पोटावरचे दोन टाके

मास्तर, तुम्ही गेलात त्याला आज अकरा दिवस झाले आणि मी अजून तुमच्याशी भांडतोच आहे. सकाळी दुकान उघडलं, मशीनला तेल घातलं आणि तोंडातून निघालं, "पन मास्तर, अस्वलाच्या कपड्याले दार कशाले?" समोर गिऱ्हाईक उभं होतं. ते माझ्याकडे बघतच राहिलं. दामू शिंप्याचं डोकं फिरलं असं त्याला वाटलं असणार. डोकं जागेवर आहे. पण चौदा वर्षांची सवय अकरा दिवसांत जात नाही.

परवा तुमची तेरवी. त्याआधी मला हे लिहून काढायचं आहे. कापड बेतायला आणलेल्या खाकी कागदाच्या पाठीवर लिहितो आहे, कारण दुकानात दुसरा कागद नाही. अक्षर वाईट आहे. तुम्ही पहिल्यांदा त्यावरूनच बोलला असतात.

तुम्ही अंबागेटजवळच्या माझ्या दुकानाची पायरी पहिल्यांदा चढलात तेव्हा मी तुम्हाला ओळखत होतो, शाळेतले ड्रॉइंगमास्तर म्हणून. काखेत गुंडाळलेला कागद होता. तो तुम्ही माझ्या मेजावर पसरलात. वकिलाचा काळा कोट घातलेला एक कोल्हा होता त्यावर.

"हा कोट शिवाचा हाये," तुम्ही म्हणालात.

"माप कोनाचं?"

"कोल्ह्याचं."

मी हसलो. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही मला विचारलंत, हा कोल्हा कचेरीत खुर्चीवर बसला तर त्याची शेपटी कुठे जाईल? मी म्हणालो, खाली दबेल. "मंग तो बसन काहून? उभाच राहीन ना दिवसभर!" असं म्हणून तुम्ही माझ्याच स्टुलावर बसलात आणि उपरण्याची शेपटी करून मला दाखवायला लागलात. गिऱ्हाइकं रस्त्यात थांबून बघत होती. मला लाज वाटत होती आणि त्याच वेळी डोक्यात कोटाची मागची चीर किती लांब ठेवावी याचा विचार सुरू झाला होता. तिथेच मी फसलो.

जनावरांचं नाटक तुम्हीच लिहिलं होतं. कोल्हा वकील, ससा पटवारी, माकडीण भाजीवाली, बगळा गुरुजी आणि अस्वल शेतकरी. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भांडण आणि जंगलात कचेरी. वऱ्हाडात तोवर लोकांनी जनावरांची सोंगं पाहिली होती, पण ती तोंडाला रंग फासलेली. तुमचं म्हणणं वेगळं होतं. जनावर कपडे घालणार असेल तर ते कपडे त्याच्या अंगाचे पाहिजेत, माणसाचे उसने नकोत. सशाच्या पागोट्याला कानांसाठी दोन भोकं पाहिजेत, आणि पळताना कान मागे पडतात म्हणून ती भोकं गोल नकोत, लांबट पाहिजेत. बगळ्याला पंखांनी बटणं लावता येत नाहीत म्हणून त्याला बटणच नको, शाल द्यायची. माकडिणीच्या लुगड्याचा कासोटा शेपटीच्या वरून घ्यायचा की खालून, यावर आपण दोघं मिळून किती चहा प्यायलो असू! शेवटी एकदा तुमच्या घरी मास्तरीणबाई आतून ओरडल्या, "तुमाले दोघायलेबी लुगडं नेसता येते काय? मंग आमाले विचारा ना!" त्यांनी ते पाच मिनिटांत सोडवलं. शेपटी कमरेच्या पट्ट्याला बांधली आणि कासोटा तिच्या दोन बाजूंनी घेतला.

अस्वलासाठी तुम्ही बैलगाडी करून सेमाडोहच्या जंगलापर्यंत गेलात. आठ दिवसांनी परत आलात ते डासांनी फोडून काढलेले, आणि घरी न जाता आधी माझ्याकडे आलात. मोहाच्या झाडाखाली उभं राहिलेलं अस्वल तुम्ही पाहिलं होतं. "दामोदर, त्याले खांदेच नाई. मानेपासून सरळ खालती उतार. तुही बंडी त्याच्या आंगावर टिकनच नाई." मग आपण बंडीचा नाद सोडला आणि गळ्यापासून गुडघ्यापर्यंत एकसंध कातडं शिवलं. कातडं म्हणायचो आपण, होतं ते जाड मांजरपाट, वरून काळ्या रंगात बुडवलेल्या अंबाडीच्या झिपऱ्या. हातापायांचे पंजे त्यालाच जोडलेले. आत माणूस शिरला की त्याची बोटं गेलीच, उरले ते दोन बोथट पंजे.

आणि इथून आपलं खरं भांडण सुरू झालं.

तुमचा एक नियम होता. जनावराला त्याचा कपडा स्वतःच्या पंजाने काढता आला पाहिजे. "कपड्याले दार ठेव, दामोदर," हे तुमचं पालुपद. मी म्हणायचो, प्रेक्षकाला ते दिसत नाही, मग कशाला हा खटाटोप? तुम्ही म्हणायचात, आतल्याला दिसतं. म्हणून तुम्ही कातड्याच्या पोटावर पाच लाकडी गुल्ल्या लावायला सांगितल्या. बोटाएवढ्या जाड गुल्ल्या आणि सैल दोरीचे फासे, पंजाने ढकललं की निघणारे. त्यावर तुम्ही परीक्षा काढलीत. प्रत्येक खेळाआधी आणि प्रत्येक नव्या कपड्याला. शिवणाऱ्याने, म्हणजे मी, हातावर गोणपाटाच्या पिशव्या बांधून तो कपडा घालायचा आणि तुम्ही वीस मोजेपर्यंत बाहेर यायचं. माझ्यानंतर तो घालणाऱ्याने.

भर अंगणात, अख्ख्या गल्लीसमोर मी कोल्हा झालो, ससा झालो, लुगड्यातली माकडीण झालो. तुम्ही मोजायचात. एकवीस झाले की कपडा नापास. मनातल्या मनात मी तुम्हाला काय काय म्हटलं ते लिहीत नाही.

अस्वल व्हायचा सीताराम. वाडीवर भाजी आणि फुलं पिकवणारा, दांडगा, तोंडाचा फटकळ, आणि तुमच्यावर जीव टाकणारा. तुमच्या देवघरातल्या फुलांचा पुडा रोज सकाळी त्याच्या वाडीतून यायचा. अस्वलाच्या कातड्यातून तो बारा-तेरालाच बाहेर यायचा आणि मला चिडवायचा, "दामू, तूच बनवला अन् तुलेच निघता येत नाई बे!"

मग कौंडण्यपूरची जत्रा आली. नदीकाठी भर दुपारी आपला खेळ, माणसांची ही गर्दी. अस्वल कोल्ह्यावर धावून गेलं आणि पोटावरच्या तीन गुल्ल्या एकदम सुटल्या. आतून सीतारामची फाटकी बनियन आणि पोट. लोक पोट धरधरून हसले. तुम्हीसुद्धा हसलात! आणि वर म्हणालात, "सुटते म्हंजे दार चांगलं हाये." तुम्हाला ते ठीक होतं. मला नव्हतं. अमरावतीत परत आल्यावर पंधरा दिवस जो तो दुकानात डोकावून विचारत होता, "काय दामू, तुमचं अस्वल उघडं पडते म्हने?" मी तुम्हाला सांगितलं, गुल्ल्या दिसतात, सुटतात, माझी अब्रू जाते. तुम्ही म्हणालात, पाहू. म्हणजे नाही.

अकोल्याला सरकारी गुरांचं प्रदर्शन भरलं तेव्हा आपल्याला बोलावणं आलं. साहेब लोक येणार, नागपूरकडचे पाहुणे येणार. बडनेऱ्याला गाडी बदलून आपण पेट्या घेऊन उतरलो तेव्हाच मी ठरवलं होतं की इथे माझं अस्वल उघडं पडणार नाही. मंडपामागे सीतारामने कातडं घातलं आणि मी सुई काढली.

"काहून शिवून राहिला?" तो म्हणाला.

"दोनच टाके. गुल्ल्या सुटू नाई म्हनून."

"मास्तरले मालूम हाये?"

"त्यायनंच सांगतलं."

मास्तर, हे मी म्हणालो. विचार न करता, हातातलं काम न थांबवता. सीतारामने पुढे काही विचारलं नाही, कारण तुमचं नाव आलं की तो कधीच विचारायचा नाही. तुम्ही साहेबांच्या मंडळींना नाटक समजावून सांगत होतात. मधेच मागे आलात, घाईघाईने विचारलंत, "परीक्षा झाली?" आणि मी म्हणालो, "झाली."

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण मला ते एकदा लिहायचं आहे. अस्वल चुलीवर भाकरी भाजतं तो प्रवेश. चूल खरी पाहिजे हा तुमचा हट्ट, धूर निघाला पाहिजे, म्हणून दोन गोवऱ्या धुमसत ठेवलेल्या. सीताराम भाकरी उलटून उठला, वळला आणि मागच्या झिपऱ्यांनी पेट घेतला. आधी लोकांनी टाळ्या वाजवल्या. नाटकातलंच आहे असं वाटलं त्यांना. सीतारामचे पंजे पोटावर आले. एक गुल्ली निघाली, दुसरी निघाली, पाचही निघाल्या. कातडं उघडलं नाही. माझा दोरा चार पदरी होता. माझ्या दोऱ्याचं मी किती कौतुक सांगायचो, आठवतं?

तुम्ही समोरून उडी मारून आलात. हातांनी फाडलंत, हातांनी होईना तेव्हा दातांनी. कोणीतरी गुरांच्या हौदातून बादली आणून ओतली. आणि मी? माझ्या कमरेला कात्री होती, मास्तर. रोजची कात्री, चामड्याच्या पट्ट्यात. मी उभा होतो. मला ती आठवलीच नाही.

सीताराम वाचला. पाठ आणि मान भाजली, डाव्या हाताची दोन बोटं एकमेकांना चिकटली ती कायमची. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तो पालथा पडला होता. तुमच्या दोन्ही हातांना पट्ट्या. मी दाराजवळ. त्याने मान न वळवता विचारलं, "मास्तर, तुमी सांगतलं होतं काय शिवाले? दामू म्हने तुमी सांगतलं."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी जमिनीकडे बघत होतो. फरशीला एक तडा होता, तो अजून डोळ्यांपुढे आहे.

"हो," तुम्ही म्हणालात. "मीच सांगतलं."

सीतारामने तोंड भिंतीकडे केलं. बाहेर ओसरीत आल्यावर मला वाटलं आता तुम्ही मला धरणार. तुम्हाला राग आला की तुम्ही वर्गातलं शुद्ध बोलायला लागायचात, मी त्या शुद्ध मराठीची वाट बघत होतो. तुम्ही एवढंच म्हणालात, "दामोदर, घरी जाय अन् जेव."

का म्हणालात हो? गेली नऊ वर्षं मी याच्यावर डोकं आपटतो आहे. माझी बायको तेव्हा बाळंतपणाला टेकली होती म्हणून? सीताराम रागाच्या भरात माझं डोकं फोडील म्हणून? की चूल तुमची होती, म्हणून सगळाच दोष तुमचा असा तुमचा हिशेब होता? चूल तुमची होती हे खरंच आहे. अंबाडीच्या झिपऱ्या दोघांच्या होत्या. पण दार मी बंद केलं होतं, आणि तेवढंच तुम्ही कुणाला कळू दिलं नाहीत. मास्तर, माझी चूक तुम्ही स्वतःच्या अंगावर घेतलीत, आणि मला कधी कधी तुमचा याबद्दल भयंकर राग येतो. एक थोबाडीत मारली असतीत तर मी त्याच दिवशी सीतारामला सगळं सांगितलं असतं. असं मी स्वतःला सांगतो. खरं की खोटं, मला माहीत नाही.

नाटक मोडलं. मास्तरने खेळापायी माणूस जाळला असं लोक तुमच्या तोंडावर म्हणाले. फुलांचा पुडा बंद झाला. मास्तरीणबाई बाजारातून फुलं आणायला लागल्या. सीताराम तुमच्या घरावरून जाताना मान फिरवायचा, आणि तुम्ही ओसरीवर बसलेले असायचात, त्याला दिसेल असे. तुमचा हात पुन्हा पूर्वीसारखा चालला नाही. फळ्यावरची तुमची सरळ रेघ वाकडी यायला लागली, हे मला शाळेतल्या पोरांनी सांगितलं. आणि माझं काय? माझं दुकान चाललं. सीताराम दर आठवड्याला माझ्या घरी भेंडी पाठवत राहिला. नऊ वर्षं मी ती भेंडी खाल्ली, मास्तर.

एकदा मी सुरुवात केली होती. तुम्ही कोटाचं माप द्यायला आला होतात. मी म्हणालो, "मास्तर, त्या दिवशी अकोल्याले..." आणि तुम्ही म्हणालात, "कॉलर या बारीले जराशी लहान ठेव." मी कॉलर लहान ठेवली. बस, इतकंच.

तुम्ही गेल्यावर चौथ्या दिवशी मास्तरीणबाईंनी मला बोलावलं. माजघरात लोखंडी पेटी काढून ठेवली होती. "दामूभाऊ, हे तुमच्याच हातचं हाये. घेऊन जा बापा, मले पाहवत नाई." आत अस्वलाचं कातडं होतं. मागून जळालेलं, पुढून फाटलेलं. त्याच्याखाली तुमचा एक कागद. अस्वलाच्या पोटाचं चित्र. रेघा थरथरलेल्या, म्हणजे आगीनंतरच्या. पाचही गुल्ल्यांवरून तुम्ही एक रुंद झडप काढली होती, केसांचीच, बाहेरून काही न दिसणारी, फक्त वरच्या कडेला धरलेली, म्हणजे पंजा खालून सहज आत जाईल. झिपऱ्यांच्या जागी घोंगडीचे तुकडे दाखवले होते, लोकर लवकर पेटत नाही म्हणून. आणि कोपऱ्यात लिहिलं होतं, "दामोदरचं म्हणणं बरोबर आहे. गुल्ल्या दिसतात."

मी तिथेच खाली बसलो. भाजलेल्या हातांनी, ज्या नाटकाचा खेळ पुन्हा कधी होणार नव्हता त्याच्यासाठी, तुम्ही माझ्या तक्रारीवर उत्तर शोधत बसला होतात. मला दाखवलंत का नाही? मी विचारलं असतं तर दाखवलं असतंत. मी विचारलंच नाही. मास्तरीणबाईंनी मला पाणी आणून दिलं. तुमच्याइतकं मला कुणी दिलेलं नाही आणि मी तुमच्याकडून इतकं घेतलेलं आहे, हे मला त्या पाण्याबरोबर गिळवेना.

पाच दिवस दुकानाची सगळी कामं बाजूला सारून मी ते कातडं तुमच्या चित्राबरहुकूम दुरुस्त केलं. आणि काल ते घेऊन सीतारामच्या वाडीवर गेलो.

भर दुपार. मोट थांबलेली. तो भेंडी तोडत होता, डाव्या हाताच्या त्या जोडबोटांनी झाड वाकवून. मला पाहून हसला. "ये ना बे. काहून आला इतक्या उन्हात?"

मी बोललो. मधे थांबलो असतो तर पुन्हा सुरुवात करता आली नसती, म्हणून एका दमात बोललो. टाके मी माझ्या मनाने घातले, मास्तरांना ठाऊक नव्हतं, मी तुला खोटं सांगितलं, त्यांनाही खोटं सांगितलं. ते तुझ्यापाशी हो म्हणाले ते मला वाचवायला.

तो भेंडी तोडतच राहिला. एक ओळ संपली. मग म्हणाला, "पुन्ना सांग."

मी पुन्हा सांगितलं.

"त्या गठुड्यात काय हाये?"

"तेच. अस्वल."

"आंगात घाल."

मी घातलं. वैशाखाच्या उन्हात घोंगडीचे तुकडे लावलेलं ते कातडं, आत शिरताच जीव गुदमरायला लागला. सीताराम खोपटात गेला आणि भाजीची पोती शिवायचं दाभण आणि सुतळी घेऊन आला. मी मागे सरकलो नाही. त्याने झडप खाली ओढली, माझ्या पोटावर दाभण खुपसलं आणि ओढलं. पुन्हा खुपसलं.

"दोनच टाके," तो म्हणाला. "निघ आता."

आणि तो मोजायला लागला. तुमच्यासारखंच, सावकाश. मी पंजे आत घालायला गेलो, झडप हलेना. खालून, वरून, बाजूने. गुल्ल्या हाताला लागत होत्या पण ढकलता येत नव्हत्या. घाम डोळ्यांत गेला. तेरा, चौदा. मी ओढाताण करायला लागलो, तुमच्या चित्रातली ती सुंदर झडप मीच फाडायला निघालो. एकोणीस, वीस. मला वाटलं, झालं, आता तो सोडेल. त्याने पुन्हा "एक" म्हटलं. मग दोन. मग तीन. पुन्हा वीस, आणि पुन्हा एक. माझे गुडघे टेकले. मी ओरडलो का? ओरडलो असेन. आग कुठेच नव्हती, मास्तर. नुसतं ऊन होतं.

शेवटी त्याने विळ्याने सुतळी कापली. मी बाहेर पडून मातीत पालथा पडलो. तो शेजारी उकिडवा बसला.

"मास्तरनं वीसपर्यंतच मोजाले शिकवलं होतं," तो म्हणाला. "वीस झाले का दार उघडते, असं मले वाटे. त्या दिवशी वीस झाले. मंग मी पुन्ना एकपासून सुरू केलं. असे किती बार झाले, मले नाई मालूम."

मी तोंडातली माती थुंकली.

"पाठीचं जाऊ दे," तो म्हणाला. "नऊ वर्सं मी त्या मानसापुढून मान फिरवून गेलो. तो रोज ओसरीवर बसे. मले वाटे, याले लाज कशी नाई. आता मी कोनाले जाऊन सांगू, मास्तर, माहं चुकलं म्हनून? तू आधी काहून नाई आला बे? तो जित्ता होता तवा काहून नाई आला?"

तुम्ही असतात तर मी कधीच गेलो नसतो, हेच त्याचं उत्तर आहे, आणि ते मी त्याला सांगू शकलो नाही. म्हणून तुम्हाला सांगतो.

मी उठलो तेव्हा तो म्हणाला, "तेरवीले येतो मी. पन तू तिथं सांगजो. सगळ्यायच्या पुढं, पंगतीत. नाई सांगतलं तर मी जेवन नाई, अन् तुया दारात पुन्ना पाय ठेवन नाई."

मास्तर, मला भीती वाटते. पंगतीत सगळी गल्ली असेल. माझी गिऱ्हाइकं असतील, माझी बायको वाढायला असेल, तिलाही ठाऊक नाही. नऊ वर्षं तोंड दाबून बसायची सवय झालेल्या माणसाची जीभ परवा उचलेल का? आज इतकंच लिहवतं.

*

हे तेरवीच्या संध्याकाळी लिहितो आहे.

सीताराम आला. हातात फुलांचा पुडा होता, पानात गुंडाळलेला, पूर्वी यायचा तसाच. त्याने तो मास्तरीणबाईंच्या हातात दिला आणि पंगतीत माझ्यासमोर येऊन बसला. बाईंनी पुड्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि पदर डोळ्यांना लावून आत गेल्या.

पानं वाढून झाली. मी उभा राहिलो. लोकांना वाटलं मला काही पाहिजे. कोणीतरी म्हणालं, "बस ना दामू, वरण येऊन राहिलं." मला तुमच्या घराची फरशी दिसत होती, आणि तिला तडा नव्हता तरी मी तिथे तडा शोधत होतो. बसून जावं असं वाटलं.

तेव्हा समोरून सीतारामचा आवाज आला, अगदी हळू, पानाकडे बघत. "एक." मग "दोन." पंगतीतल्या कुणाला काही कळेना. ज्यांनी तुमच्या अंगणात माझ्या परीक्षा पाहिल्या होत्या त्यांनी मात्र हातातले घास खाली ठेवले. मास्तरीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. तो मोजत होता, तुमच्याच चालीवर, ना घाई ना दया. अकरा. बारा. माझी बायको वरणाचं भांडं धरून तशीच थांबली होती.

"टाके मी घातले होते," मी म्हणालो. "मास्तरनं सांगतलं नोयतं. मी खोटं बोललो अन् त्यायनं ते सोताच्या आंगावर घेतलं."

सीतारामने मला माफ केलं नाही, त्याच्या तोंडाकडे बघून मला ते कळलं. पण त्याने भाताला हात घातला आणि पहिला घास खाल्ला.

तो सतरावर थांबला होता, मास्तर. नऊ वर्षं उशीर झाला, पण विसाच्या आत निघालो.